उबदार मुठी : शीत हवामानातील मोटारसायकलस्वारी व हातांच्या उष्णतेचा इतिहास

प्रस्तावना

वाहनांचा इतिहास बहुधा इंजिनाच्या अंगाने लिहिला जातो. किती अश्वशक्ती, किती वेग, कोणत्या शर्यतीत कोण जिंकले, याच्या नोंदी विपुल आढळतात. परंतु वाहन चालवणाऱ्या माणसाच्या शरीराचे त्या काळात काय होत होते, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. मोटारसायकल हे असे वाहन आहे की ज्यात चालक व हवामान यांच्या मध्ये काहीच नसते. त्यातही हात सर्वांत पुढे असतात. शीत प्रदेशात मोटारसायकलस्वाराचे हात उबदार कसे ठेवावेत हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तथापि त्याच्या उत्तराचा मागोवा घेऊ लागले की आपण वैद्यकशास्त्र, दुसरे महायुद्ध, विमानविद्या आणि विद्युत-अभियांत्रिकी अशा अनेक दालनांतून फिरून येतो. प्रस्तुत लेखात मोटारसायकलच्या विजेवर तापणाऱ्या मुठींचा, म्हणजे हीटेड ग्रिप्सचा, इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. हा इतिहास मुख्यतः युरोपातील, विशेषतः जर्मनीतील आहे. भारताचा संबंध येतो तेथे तो नोंदविला आहे.

येथे मांडावयाचे प्रतिपादन असे की, तापणाऱ्या मुठी उशिरा आल्या त्या कल्पना सुचली नाही म्हणून नव्हे, तर वीज पुरेशी नव्हती म्हणून. आणि वीज पुरेशी झाल्यावरही त्यांना बराच काळ 'चैन' म्हणून हिणवले गेले, कारण थंडी सोसणे हे स्वाराच्या पौरुषाचे लक्षण मानले जात होते.

थंडी, वारा व बोटे

वाऱ्यामुळे थंडी अधिक लागते हा सर्वांचा अनुभव आहे. त्याचे मोजमाप करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल या दोघांनी अंटार्क्टिकावर १९४१ च्या हिवाळ्यात केला. प्लास्टिकच्या एका नळकांड्यातील पाणी किती वेळात गोठते, हे त्यांनी निरनिराळ्या वाऱ्यांत पाहिले व १९४५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे २००१ मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी सुधारित सूत्र स्वीकारले. त्या सूत्रानुसार १० अंश सेल्सियस तापमानात ताशी ६० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला सुमारे ५ अंशांइतकी थंडी जाणवते. शून्य अंशात ताशी ८० किलोमीटर वारा असेल तर ती सुमारे उणे १० अंशांइतकी जाणवते. मात्र हे सूत्र पायी चालणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यासाठी बनविलेले आहे, हे विसरता कामा नये. हातमोज्यांतील बोटांना ते जसेच्या तसे लावणे शास्त्रीय ठरणार नाही. मोटारसायकलविषयक लिखाणात हा आकडा सर्रास वापरला जातो, म्हणून ही सूचना.

बोटे लवकर का गारठतात? बोटांचा आकार बारीक असल्यामुळे आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो, आणि त्यांत स्नायू जवळजवळ नसतात. बोटे हलविणारे बरेचसे स्नायू कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात. ते लांब दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांनी बोटांना ओढतात. त्यामुळे बोटांना स्वतःची उष्णता फारशी निर्माण करता येत नाही. त्यांची सारी ऊब रक्तावर अवलंबून असते. आणि धड गारठू लागले की शरीर सर्वप्रथम हातापायांचाच रक्तपुरवठा आवळते. हृदय व मेंदू वाचविण्यासाठी बोटांचा बळी देण्याची ही निसर्गाची रीत आहे. १९३० मध्ये ब्रिटिश वैद्य थॉमस लुइस यांनी थंड पाण्यात बुडविलेल्या बोटांत काही मिनिटांनी रक्तप्रवाह पुन्हा वाढतो व परत कमी होतो, असे चढउतार दाखवून दिले. हिवाळी पहाटे गाडी चालविणाऱ्यास बोटांत मधूनच कळ येऊन ऊब वाटते, त्याचे कारण बहुधा हेच होय.

बोटांच्या त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांखाली गेले की हाताचे कौशल्य घटू लागते. ते ८ अंशांच्या आसपास आले की स्पर्शज्ञान वेगाने हरपते. मोटारसायकलवर उजव्या हाताकडे अ‍ॅक्सिलरेटर व पुढचा ब्रेक, तर डाव्या हाताकडे क्लच असतो. म्हणजे वाहनाचे सर्वांत नाजूक नियंत्रण शरीराच्या सर्वांत आधी बधिर होणाऱ्या भागाकडे सोपविलेले आहे. या एका वाक्यात प्रस्तुत विषयाचे सारे गांभीर्य सामावलेले आहे. ब्रेक किती दाबला हे बोटांना कळलेच नाही, तर ओल्या वा बर्फाळ रस्त्यावर चाक सरकण्यास क्षणही लागत नाही.

यात कंपनांची भर पडते. पॅरिसमधील वैद्य मोरिस रेनो यांनी १८६२ च्या आपल्या प्रबंधात थंडीने बोटे पांढरी पडण्याच्या विकाराचे वर्णन केले होते. त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, १९१८ मध्ये, अमेरिकेतील इंडियाना राज्यात हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी वापरणाऱ्या दगडकामगारांत तशीच 'मृत बोटे' अ‍ॅलिस हॅमिल्टन यांना आढळली. थंडी व कंपन एकत्र आल्यास काय होते, ते त्या पाथरवटांच्या हातांनी जगास दाखविले. मोटारसायकलचे हँडल हेही थंडी व कंपन यांचे संगमस्थानच आहे.

कार्बाइडच्या दिव्यापासून महायुद्धापर्यंत

गोटलिब डाइमलर व विल्हेल्म माइबाख यांची लाकडी सांगाड्याची पहिली दुचाकी १८८५ ची. मालिका पद्धतीने विक्रीसाठी बनविलेली हिल्डेब्रांड उंड वोल्फम्युलर ही मोटारसायकल १८९४ ची. या आरंभीच्या यंत्रांवर तापणाऱ्या मुठींचा विचार संभवतच नव्हता. कारण त्यांवर आजच्या अर्थाने वीजच नव्हती. पुढे मॅग्नेटो आला, पण तो ठिणगीपुरता. दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत. दुचाकीवर डायनॅमो व बॅटरी रूढ होण्यास दोन महायुद्धांमधील काळ उजाडला. तोपर्यंत स्वारापुढे उपाय होते ते शिंप्याकडचे व चांभाराकडचे : कोपरापर्यंतचे चामडी मोजे, कोटाच्या आत कोंबलेली वर्तमानपत्रे, आणि हँडलला बांधावयाच्या चामड्याच्या वा मेणकापडाच्या खोळी. या खोळी दिसावयास बेंगरूळ, परंतु उपाय म्हणून अत्यंत प्रभावी. त्या वारा मुळातच अडवितात.

पहिल्या महायुद्धात उघड्या विमानांतील वैमानिकांचे हात गोठू लागले, तेव्हा विजेवर तापणारे मोजे व पोशाख प्रथम गांभीर्याने वापरात आले. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन बॉम्बफेकी विमानांत ते सर्वत्र होते. सुरुवातीच्या पोशाखांतील तापतारा मालिकेत जोडलेल्या असत. त्यामुळे एका मोज्यातील तार तुटली की सारा पोशाखच थंड पडे. समांतर जोडणी करून हा दोष नंतर दूर केला गेला. तार वाकून वाकून तुटते, आणि ती बरोबर सांध्यापाशीच तुटते, हा धडा मोटारसायकलच्या मुठींना चाळीस वर्षांनी पुन्हा शिकावा लागला.

जमिनीवरील सैनिकांची कथा वेगळी. जर्मन सैन्याच्या मोटारसायकल-पथकांनी १९४१-४२ चा रशियन हिवाळा अनुभवला. बीएमडब्ल्यू आर ७५ व त्सुंडाप केएस ७५० ही साइडकार असलेली यंत्रे त्या आघाडीवर होती. त्यांच्यासाठी हिवाळी साहित्य तयार करण्यात आले. त्यात इंजिनाच्या निकासातील उष्णता लवचीक नळ्यांवाटे हातापायांपर्यंत नेण्याची सोय होती. येथे विजेचा मार्ग न धरता वाया जाणाऱ्या उष्णतेचा मार्ग धरला गेला, हे लक्षणीय आहे. पेट्रोलमधील ऊर्जेचा मोठा भाग मोटारसायकल उष्णतेच्या रूपाने हवेत सोडून देते, आणि त्याच वेळी तिचा स्वार हात-दोन हात अंतरावर कुडकुडत असतो! यातील विसंगती त्या काळच्या अभियंत्यांनी अचूक हेरली होती. परंतु नळ्यांचा तो पसारा युद्धानंतर नागरी वाहनांवर कोणी चढविला नाही.

हत्तींचा मेळा

युद्धोत्तर जर्मनीत मोटारसायकल हे गरिबाचे वाहन होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोक लहान मोटारींकडे वळले आणि हिवाळ्यातही दुचाकी चालविणारा मनुष्य एकतर निर्धन वा हट्टी ठरू लागला. अशा हट्टी लोकांसाठी मोटारसायकल-पत्रकार एर्न्स्ट लेफेरकुस यांनी १९५६ च्या जानेवारीत श्टुटगार्टजवळच्या सॉलिट्यूड शर्यतमार्गावर एक छोटा मेळावा भरविला. त्सुंडापच्या केएस ६०१ या साइडकारवाल्या यंत्रास 'हिरवा हत्ती' असे टोपणनाव होते. त्यावरून या मेळाव्यास 'हत्तींचा मेळा' अशा अर्थाचे एलेफांटेनट्रेफेन हे नाव मिळाले. पुढे तो नुरबुर्गरिंगवर भरू लागला, आणि १९८९ पासून बव्हेरियाच्या अरण्यप्रदेशातील थुरमान्सबांग-सोला परिसरात भरत आला आहे. वेल्समध्ये १९६२ पासून भरणारी ड्रॅगन रॅली ही त्याच जातकुळीची.

बर्फात तंबू ठोकून शेकोटीभोवती रात्र काढणाऱ्या या मंडळींनी शीत हवामानातील स्वारीची एक संस्कृतीच घडविली. तिचे दोन परिणाम झाले, आणि ते परस्परविरोधी आहेत. एकीकडे घरगुती उपाययोजनांची मोठी देवाणघेवाण झाली. दुसरीकडे थंडी सोसणे हेच भूषण ठरले. ज्याने सोसले तो खरा स्वार. ज्याने गरम मुठी बसविल्या तो सुखासीन. आपल्याकडे वारीत चपला घालणाऱ्याकडे काही मंडळी जशा नजरेने पाहतात, तशीच ही नजर. यातील गंमत सोडली तरी एक प्रश्न उरतो : बधिर बोटांनी ब्रेक दाबण्यात शौर्य कोणते?

वॅटचा हिशेब

तापणाऱ्या मुठींच्या जोडीस साधारण ३० ते ४० वॅट वीज लागते. ३६ वॅट धरल्यास १२ व्होल्टच्या यंत्रणेत ३ अ‍ॅम्पिअर प्रवाह झाला. आता युद्धोत्तर ब्रिटिश मोटारसायकल घ्या. तिच्यावर ६ व्होल्टचा, जास्तीत जास्त ६० वॅटच्या आसपास देणारा डायनॅमो असे. त्यातून पुढचा दिवा, मागचा दिवा, भोंगा आणि बॅटरीचे भारण भागवावयाचे. अशा प्रपंचात ३६ वॅटचा पाहुणा आला तर घरच्यांना अंधारात बसावे लागेल. १९५० च्या दशकात तापणाऱ्या मुठी का रूढ झाल्या नाहीत, याचे उत्तर या साध्या बेरीज-वजाबाकीत आहे.

१९६९ मध्ये बीएमडब्ल्यूची नवी मालिका आली. तीत १२ व्होल्टची यंत्रणा व १८० वॅटचा आल्टरनेटर होता. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या कंपनीच्या बहुतेक मोठ्या मोटारसायकलींवर २८० वॅटचा आल्टरनेटर आला. १९७६ च्या आर १०० आरएस या मॉडेलवर वायुबोगद्यात घडविलेले पूर्ण आवरण होते. त्यामुळे स्वाराच्या हातांवरील थेट वारा घटला आणि मुठीत दिलेली उष्णता टिकण्याची शक्यता निर्माण झाली. १९८० च्या दशकाच्या आरंभी बीएमडब्ल्यूने कारखान्यातूनच बसवून मिळणाऱ्या तापणाऱ्या मुठी ग्राहकांपुढे ठेवल्या. म्हणजे या मुठींच्या जन्मास बारा-पंधरा वर्षांची विद्युत पूर्वतयारी होती. १९८३ च्या के १०० वर ४६० वॅटचा आल्टरनेटर आल्यावर तर हिशेबाची चिंताच मिटली. होंडाने आपल्या गोल्ड विंग या भव्य प्रवासी मोटारसायकलवर गरम मुठी व गरम आसन यांची सोय २००६ मध्ये दिली. यावरून ही कल्पना सर्वमान्य होण्यास किती काळ लागला ते ध्यानात येते.

याच सुमारास दुसरा प्रवाह अमेरिकेत वाहत होता. १९७० च्या दशकाच्या मध्यात वॉशिंग्टन राज्यात गॉर्डन गर्बिंग यांनी मोटारसायकलच्या विजेवर तापणारे कपडे बनविण्यास आरंभ केला. मूठ तापवावी की अंग, असा हा वाद होता. शास्त्राचा कौल काही अंशी अंगाच्या बाजूने पडला. कॅनडाच्या संरक्षण-संशोधकांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, धड पुरेसे तापविले तर हातात मोजे नसतानाही बोटे कडाक्याच्या थंडीत बराच काळ उबदार राहतात. धड सुखी असेल तर शरीर बोटांचे रक्त आवळत नाही. म्हणून केवळ मुठी तापवून पातळ जाकिटात निघणारा मनुष्य फसतो.

मुठींचे व्यवस्थापन : एक तांत्रिक टिपण

तापणाऱ्या मुठीची मूळ मर्यादा अशी की ती तळहातास ऊब देते, आणि वारा लागतो तो हाताच्या पाठीस. त्यामुळे हातमोजा निवडताना तळव्याकडे पातळ व पाठीकडे जाड असा निवडावा लागतो. सर्व बाजूंनी जाड मोजा घातला तर मुठीची उष्णता हातापर्यंत पोहोचतच नाही. मुठीपुढे प्लास्टिकचा आडोसा वा खोळ असली तर कमी विजेत अधिक ऊब मिळते. शंभर वर्षांपूर्वीची बेंगरूळ खोळ व आजची विद्युत मूठ या परस्परांच्या प्रतिस्पर्धी नसून पूरक आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डावी मूठ उजवीपेक्षा थंड का, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वाहनांत उजवी मूठ अ‍ॅक्सिलरेटरच्या प्लास्टिक नळीवर बसते, ही नळी उष्णतारोधकाचे काम करते. डावी मूठ मात्र थेट धातूच्या हँडलवर असते आणि तिची निम्मीअधिक मेहनत हँडल तापविण्यातच जाते. काही उत्पादक दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या क्षमतेच्या तापतारा देतात. ज्यांना ती सोय नाही त्यांना डाव्या मुठीखाली पातळ उष्णतारोधक थर देता येतो. उजव्या मुठीची तार अ‍ॅक्सिलरेटरबरोबर सतत पिळली जाते, म्हणून तिला पुरेशी ढील ठेवावी लागते. वैमानिकांच्या मोज्यांचा धडा तो हाच.

जुन्या मुठींत 'मंद' व 'तीव्र' अशा दोनच अवस्था असत. आता प्रवाह सेकंदात अनेकदा जोडून-तोडून सरासरी उष्णता हवी तेवढी राखणारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे आली आहेत. बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली गेला की मुठी आपोआप बंद करणारी नियंत्रणेही मिळतात. ती निरर्थक नाहीत. आल्टरनेटर पूर्ण क्षमतेने चालतो तो इंजिन वेगात असताना. शहरातील रांगेत, मंद गतीत, तो जेमतेम स्वतःपुरते देतो, आणि थंडीत बॅटरीची धारणशक्तीही घटलेली असते. त्यामुळे मुठींची जोडणी बॅटरीस थेट न करता किल्ली फिरविल्यावरच चालू होणाऱ्या रिलेमार्फत करणे श्रेयस्कर.

आणखी एक बाब, जिचा उल्लेख विक्रीपत्रकांत सहसा नसतो. मोरिट्झ व हेनरिक्स यांनी १९४७ मध्ये दाखविले की ४४ अंश सेल्सियस एवढ्या बेताच्या तापमानाचा स्पर्शही सुमारे सहा तास टिकल्यास त्वचा भाजते. तापमान वाढेल तसा हा अवधी झपाट्याने घटतो. बधिर झालेल्या बोटांना भाजल्याचे कळत नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या हातांची संवेदना मंदावली आहे त्यांना हा धोका अधिक. म्हणून मुठी हात गारठल्यावर तीव्र करण्यापेक्षा निघतानाच मंद चालू करणे योग्य. तसेच तापणारी मूठ नेहमीच्या मुठीहून जाड असते. लहान हातांच्या स्वारांना, विशेषतः अनेक स्त्रियांना, तिच्यामुळे लिव्हरपर्यंत बोटे पोहोचविणे कठीण जाते. या वस्तूची मापे कोणाचा हात समोर ठेवून ठरविली गेली, हा प्रश्न यातून उभा राहतो.

भारतीय संदर्भ

मद्रास येथे १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तिची बुलेट सैन्यासह हिमालयात पोहोचली. पुढे लडाखची मोटारसायकल-यात्रा मुंबई-पुण्याच्या तरुणांतही रूढ झाली. खारदुंग ला ही खिंड सुमारे ५,३५९ मीटर उंचीवर आहे (तेथील जुन्या फलकावरील १८,३८० फूट हा आकडा फुगविलेला होता). उंचीबरोबर दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान उतरते, त्यामुळे जूनमध्येही तेथे हात गोठतात. या प्रवाशांपैकी हौशी व सधन मंडळी आता गरम मुठी बसवून घेतात.

परंतु भारतात थंडीत दुचाकी चालविणारा बहुसंख्य माणूस हौशी नाही. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात दूधवाला, पेपरवाला, पाळीवर निघालेला कामगार हे शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर असतात. या गाड्यांची वीजनिर्मिती मर्यादित, आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा सदैव चालू राहणे बंधनकारक झाल्याने त्या विजेवर आणखी एक कायमचा भार आला. एलईडी दिव्यांनी काही वॅट मोकळे केले आहेत, हे खरे. ते हातांसाठी वापरावेत असा विचार मात्र भारतीय उत्पादकांच्या प्रवासी गाड्यांत अद्याप रुजलेला दिसत नाही. १९५० च्या दशकातील ब्रिटिश स्वाराचा हिशेब आपल्याकडे अजून संपलेला नाही, असे म्हणावे लागते.

महाराष्ट्रात निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. तेथील पारा उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात छापून येते, ती बहुधा द्राक्षबागांच्या काळजीने. प्रस्तुत लेखकाने त्या परिसरातून काही वर्षे सकाळच्या महाविद्यालयासाठी मोटारसायकलने ये-जा केली आहे. एका डिसेंबरात रेल्वे फाटकापाशी गाडी थांबवावयाची होती, आणि डाव्या हाताची बोटे क्लचभोवती वळलीच नाहीत. गाडी धक्का खाऊन बंद पडली, एवढ्यावरच निभावले. मागून आलेल्या दूधवाल्याने हसून आपले हँडल दाखविले. खताच्या गोणीचे दोन तुकडे आतून जुन्या स्वेटरचे अस्तर लावून त्याने मुठींवर सुतळीने घट्ट शिवले होते. "सर, मोज्यानं काही होत नाही, वारं अडवायला पाहिजे," एवढे बोलून त्याने त्या खोळींत हात घातले, आणि फाटक उघडताच किटल्या वाजवीत तो पुढे निघून गेला.